शून्य अर्जांची शाखा

"वर्षभरात एकही अर्ज नाही?" रोशनी गांगुर्डेने कागद पुन्हा चाळले.

"नाही मॅडम," शाखाधिकारी शेखर निकम म्हणाले आणि चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

रोशनी रिझर्व्ह बँकेतून तपासणीला आली होती. नाशिकची ही सहकारी बँक डबघाईला आल्यापासून तिच्यावर निर्बंध होते. कर्मचाऱ्यांची पगारवाढ बंद, नवी कर्जं बंद, आणि खातेदाराला स्वतःच्याच खात्यातून फक्त दहा हजार काढता येत. दवाखान्यासारखी नड निघाली तर मात्र वेगळी सोय होती. शाखेत अर्ज द्यायचा, तो नाशिकच्या मुख्य कचेरीतून मुंबईला रिझर्व्ह बँकेकडे जाई, आणि तिथे मंजूर झाला की लाखापर्यंत रक्कम मिळे. बाकीच्या शाखांतून अर्जांचा ढीग आला होता. या चांदवडच्या शाखेतून शून्य. चांदवडची माणसं आजारीच पडत नाहीत की काय, असं म्हणायची पाळी!

आणखी एक गोष्ट तिला खुपत होती. कर्मचाऱ्यांना एकच सवलत उरली होती, पगारावरची तातडीची उचल, वर्षाला शेकडा सहा व्याजाने. शाखेतल्या सहाही जणांनी, अगदी शिपाई गोरक्षनेसुद्धा, ती एकाच महिन्यात घेतली होती. तीही पुरेपूर. कुठेतरी पाणी मुरतंय, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"सगळ्यांच्या घरी एकदमच अडचण आली का हो?" तिने विचारलं.

निकमांनी उठून केबिनचं दार लोटलं.

"खरं सांगतो मॅडम. अर्ज नाशकाला जाणार, तिथं महिनाभर धूळ खात पडणार, मग तुमच्याकडे येणार. दवाखानेवाला तोवर थांबतो का? लोक इथं काउंटरवर रडायचे. पैसे त्यांचे, आणि आम्हाला देता येईनात. शेवटी आम्ही सहा जणांनी उचल घेतली आणि ज्याला नड, त्याला आमच्या खिशातून दिले. नियमात बसत नाही, ठाऊक आहे. तुम्ही लिहा."

रोशनीचं पेन थबकलं. मागच्या वर्षी तिने सही केलेली एक मंजुरी दुसऱ्या गावी पोचली, ती त्या पेशंटच्या दहाव्याला. कागद नेमका कुठे अडला, कुणालाच सांगता आलं नाही. ते तिच्या मनातून आजवर गेलं नव्हतं.

तरी काम ते काम. "ज्यांना दिले त्यांच्यापैकी कुणाला तरी बोलवा," ती म्हणाली.

गोरक्ष जाऊन लंकाबाईंना घेऊन आला. लंकाबाई मार्केट यार्डामागे खानावळ चालवायच्या. हमालांना भाकरी थापून थापून साठवलेले दोन लाख याच शाखेत अडकले होते. त्या दारातच उभ्या राहिल्या. पिठाचे हात त्यांनी पदराला पुसले.

"या पोरांनी येळेला चाळीस हजार दिले, म्हनून माझी सून आन् नात घरी आली," त्या म्हणाल्या. "नायतर बाळंतपणात दोघी हातच्या गेल्या असत्या, बाई."

निकमांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. माणूस पढवलेलं बोलतोय की मनातलं, हे रोशनीला इतक्या वर्षांच्या नोकरीत कळायला लागलं होतं. बाई खरं बोलत होती.

आता काय करायचं? कर्मचाऱ्याने खातेदाराला परस्पर पैसे देणं हा सरळसरळ गुन्हा. लिहिलं तर सहाही जण निलंबित. नाही लिहिलं आणि पुढे कधी उघडकीला आलं, तर तिची नोकरी जाणार. रोशनीने पेनाला टोपण लावलं.

"निकम साहेब, हे मी ऐकलंच नाही असं समजा. उचल घरगुती कारणासाठी, एवढंच लिहिते."

निकमांनी हात जोडले. गोरक्षच्या डोळ्यांत पाणी आलं. अशी माणसं अजून बँकांत बसतात, या विचाराने रोशनीला स्वतःच्या नोकरीचंही बरं वाटलं. तसं वाटून बरेच दिवस झाले होते.

ती बाहेर आली. गाडी रस्त्यापलीकडे उभी होती आणि गाडीजवळ लंकाबाई थांबल्या होत्या. त्यांनी फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या रोशनीच्या हातात दिल्या. तरी त्यांचा पाय निघेना.

"ताई, येक सांगू? साहेबांच्या कानावर तेवढं व्याजाचं घाला. म्हैन्याला शेकडा पाच लय व्हतं. सा म्हैने झाले, मुद्दल हाय तसंच हाय."

"व्याज?" रोशनीचा हात गाडीच्या दारावरच राहिला. "ते तुमच्याकडून व्याज घेतात?"

"आता फुकट कोन देतं? तक्रार नाय माझी. येळेला त्येच उभे राहिले, दुसरं कुनी आलं नाय."

"अहो मावशी, पण बँकेत तुमचे स्वतःचे दोन लाख होते! आमच्याकडे अर्ज का नाही केलात?"

लंकाबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. आवाजात राग असा नव्हताच.

"केला व्हता की. दुसऱ्याच दिशी साहेब म्हनले, मुंबईच्या मॅडमनी नामंजूर केला."