आवाज जात नाही

दोराला एकदम ओझं आलं तेव्हा शिवकन्येला वाटलं, नवऱ्यानं गाळाची बादली बांधली. मग दिसलं, बादली तर वर काठावरच आहे.

"अहो!" तिनं वाकून हाक मारली. "काय झालं वो?"

खाली विहिरीत उमाशंकरची मान छातीवर पडली होती. छातीपर्यंत पाण्यात, आणि काखेतून बांधलेल्या दोरावर सगळा लोंबकळलेला. मोटारीच्या पाइपात पाला अडकलाय, काढतो अन् येतो, असं म्हणून तो आत्ताच भिंतीतल्या पायट्यांवरून उतरला होता. किती दिवसांची बंद विहीर. पाचट आणि पाला पडून आत कुजलेला.

दोराचा एक वेढा दगडी खांबाला होता, पुढचं टोक तिच्या कमरेला. नायलॉनचा दोर वेढ्यातून सरकत होता. तिनं दोन्ही पाय खांबाला लावले आणि मागं रेलली. उमाशंकर वीतभर वर आला. त्याहून जास्त तिच्यानं होईना. गाठ मारायची तर दोर ढिला करावा लागणार, आणि ढिला केला की तो पाण्याखाली.

"कुणी हाय का?"

चारी बाजूंनी ऊस. हाक उसातच राहिली.

काठावर नवऱ्याचा शर्ट होता, शर्टाच्या खिशात फोन. दोर दंडाला गुंडाळून तिनं एक हात मोकळा केला आणि शर्ट ओढला. पलीकडच्या शेतात शिवमूर्तीकाका असणार. सकाळी त्यांची बैलं दिसली होती. तिनं त्यांचं नाव दाबलं. कॉल लागायच्या आधीच संपला. पुन्हा दाबलं. तेच. वर टावरच्या काड्या मात्र सगळ्या भरलेल्या.

तेव्हा तिला निलंग्याच्या मोबाइलवाल्याचं बोलणं आठवलं. धाकट्या दिरानं, रविकिरणनं, हा फोन अमेरिकेतून आणला होता. दुकानदार म्हणाला होता, "फोन लई भारी हाय, पर तिकडच्यासाठी बनवलेला. तुमच्या गावच्या टावरवर बोलणंबी फोर-जीतूनच जातंय, अन् ह्या फोनात आपल्या कंपनीसाठी ती सोयच न्हाई. नेट चालंल. साध्या कॉलला आवाज जाणार न्हाई." उमाशंकर हसला होता. सगळी दुनिया व्हॉट्सॅपवर हाय, काय बिघडतंय, म्हणाला होता.

शिवमूर्तीकाकांकडं बटणांचा फोन होता.

व्हॉट्सॅपवर वरचंच नाव रविकिरणचं. तिनं अंगठा दाबला. घंटा वाजत राहिली. तिकडं अमेरिकेत रात्र. उठा भावजी, उठा.

"वहिनी? एवढ्या रात्री?"

"भावजी, हे विहिरीत... बोलंनात. मान टाकलीय."

"पडला दादा?"

"न्हाई, उतरले होते. दोर माझ्याकडं हाय. मी कुठंतरी अडकवते अन् उतरून बघते..."

"उतरू नका!" तो असा ओरडला की फोन तिच्या हातात थरथरला. "आतली हवा खराब झाली असंल. तुमी उतरलात की तुमीबी पडणार. दोर सोडू नका. जवळ कोण हाय?"

"शिवमूर्तीकाका. पर फोन लागंना ना त्यांना."

"मी लावतो इथून. ठेवतो आता."

"ठेवू नका वो!"

फोन बंद झाला.

आता तिला विहिरीत बघता येत नव्हतं. बघायला वाकावं तर दोर सरकणार. मागं रेलून ती नुसतं आभाळ बघत होती, आणि खाली तो आहे की गेला हे दोरावरून ओळखत होती. एकदा आतून घोरल्यासारखा आवाज आला. तळहात सोलले होते. दोर ओला झाला होता, घामानं की रक्तानं कळत नव्हतं. "हे बघा, मी हाय," ती म्हणाली. "इथंच हाय मी." शिव शिव, शिव शिव. दोर थोडा सरकला. तिनं दातात धरला.

उसात सळसळ झाली. "शिवकन्या! कुठं हायस गं?" शिवमूर्ती धापा टाकत आले, मागं खुरपणाच्या दोन बायका. फोन अजून त्यांच्या कानाला. "दोनदा कापला म्या. लांबलचक नंबर, म्हणलं फसवणारे असतील. तिसऱ्यांदा उचलला." बोलता बोलता त्यांनी विहिरीत बघितलं, धोतर खोचलं आणि पहिल्या पायट्यावर पाय ठेवला.

"काका, उतरू नका!" दोर दातातून सोडून ती किंचाळली. "आत हवा न्हाई! वरून ओढा!"

शिवमूर्तींचा पाय तसाच थांबला. मग ते मागं फिरले. चौघांनी ओढलं. उमाशंकर भिंतीला घासत, आपटत वर आला. ओठ काळेनिळे. एका बाईनं त्याला पालथा घातला, दुसरीनं पाठीवर थापट्या मारल्या. कितीतरी वेळ थापट्या चालूच. मग तो खोकला, हिरवं पाणी ओकला आणि लहान लेकरासारखा कण्हला.

"जित्ता हाय रे रविकिरण," शिवमूर्ती फोनमध्ये म्हणाले. "जीप बोलावतो. निलंग्याला नेतो."

शिवकन्या खांबापाशी होती तशीच होती. पाय दगडाला लावलेले, दोर मुठीत ताणलेला. शिवमूर्ती तिच्याजवळ गेले.

"सोड पोरी आता. वर आलाय त्यो."

तिनं मान हलवली. नाही म्हणाली.

त्यांनी तिचं एक बोट उघडायला घेतलं. ते उघडलं, की तिनं पुन्हा मिटलं.