अस्सल जुनी जीप

कोलंबियातल्या कालार्का गावात दरवर्षी जीपांची मिरवणूक निघते आणि सगळ्यात अस्सल जुन्या जीपला बक्षीस मिळतं. यंदा ते पटकवायचंच म्हणून एवेलिओनं बापाची गंजकी विलीस जीप तीन महिने डेंटिंगवाल्या ओविदिओच्या दारात लावली.

"हा चेपलेला मडगार्ड ठोकून सरळ करतो, डॉन एवेलिओ," ओविदिओ म्हणाला.

"नको, नवाच बसव. बापाच्या खेचरानं मारलेली लाथ काय जन्मभर मिरवत फिरू?"

ओविदिओनं मडगार्ड काढून बाजूला ठेवला.

मिरवणुकीत केळीचे घड लादलेली एवेलिओची जीप आरशासारखी चमकत होती. राजधानी बोगोताहून आलेल्या परीक्षकबाईंनी नाक मुरडलं. "अहो, ही तर आत्ताच शोरूममधून काढल्यासारखी दिसतेय! अस्सल बघायचीय? ती बघा, पहिला नंबर."

ती जीप गावातल्या हॉटेलवाल्याची, गेल्याच महिन्यात कुठून कुठून सुटे भाग आणून जुळवलेली. एवेलिओ तणतणत तिच्याजवळ गेला आणि मडगार्डवरच्या ओळखीच्या पोच्यावर हात फिरवू लागला.


"हात नका लावू, डॉन एवेलिओ," हॉटेलवाला खेकसला. "आमच्या आजोबांच्या खेचराची लाथ आहे ती!"