खालचा सूर

“काका, तुमच्या त्या जुन्या अमेरिकन बँडचं सगळ्यात भारी गाणं म्हणा ना!” साखरपुड्याच्या मांडवात लविनाने माइक माझ्यापुढे धरला. लविना म्हणजे माझ्या दादाची मुलगी.

एके काळी वसईत त्या बँडच्या गाण्यांशिवाय लग्न पार पडत नसे, आणि ती म्हणायची मी आणि दादानेच. दादा गेल्यापासून मी गायलो नव्हतो. पण आज पोरीचा हट्ट मोडवेना. मी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

अख्खं कडवं झालं तरी कुणी ताल धरेना. “हे कुठलं गाणं?” मागून कुणीतरी विचारलं. मी भडकलोच. ज्या गाण्यावर यांचे आईबाप नाचले, ते यांना ओळखू येत नाही? मग माझ्याच लक्षात आलं. मूळ चाल दादा गायचा. मी आयुष्यभर त्याच्याखाली दुसरा सूर धरत आलो होतो. माझ्या गळ्यात मूळ चाल बसलेलीच नव्हती.

मी माइक खाली ठेवणार, इतक्यात पुढच्या खुर्चीवरून वहिनीचा आवाज आला. चार माणसांत कधी तोंड न उघडणारी वहिनी दादाची चाल गात होती. मांडव नाचायला उठला. मी मुकाट्याने खालचा सूर धरला.

दुसऱ्या कडव्यात एका ओळीच्या मध्येच दादाला दम लागायचा, आणि मी त्याच्यासाठी थांबायचो. वहिनीनेही नेमका तिथेच श्वास घेतला.

मी थांबलो.