वरून कत्तल, आतून अंगाई

बाबांनी बटण दाबलं नाही.

कानवाल्याने आवाज आणखी वाढवला. काचेच्या खोलीत बाबा हेडफोन चढवून, हातात बटण धरून, फोटोला बसल्यासारखे ताठ बसले होते. आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच काम. जाड, घुमणारे आवाज त्यांनी पटापट टिपले. मग बारीक आवाज सुरू झाले आणि बाबा शांतपणे भिंतीकडे बघत राहिले. पडद्यावरची त्यांच्या कानांची रेघ डावीकडून सरळ निघाली होती, मध्यावर येऊन तिनं कड्यावरून उडी टाकली.

कानवाला म्हणजे त्यांचा मुलगा. श्रवणयंत्रं बसवायचं दुकान चालवायचा, म्हणून सगळी गल्ली त्याला याच नावाने हाक मारायची. तो दिवसभर दुसऱ्यांच्या आजोबांना विचारायचा, "दाराची बेल ऐकू येते का?" घरी स्वतःचे वडील बेल वाजत असताना पेपर वाचत बसत, आणि हा समजायचा की बाबा आता संसारातून अंग काढून घेताहेत. शेवटी आईनंच त्यांना दुकानात आणून सोडलं. म्हणाली, "जगाचे कान तपासतोस. घरातले दोन राहिलेत."

रेघ बघून कानवाल्याला काळजी वाटली. ती वडिलांची नव्हती. निदान पहिली तरी नव्हती. त्याला आठवला तो अल्बम.

अल्बम ब्लॅकन्ड डेथ मेटल नावाच्या कानठळ्या बसवणाऱ्या रॉक संगीताचा होता. त्यातला गायक विहिरीत पडल्यासारखा ओरडायचा, फक्त 'बाहेर काढा' असं म्हणायचा नाही. ड्रमवाला असा बडवायचा, की जणू पुढच्या गाण्याआधी ड्रम जप्त होणार आहेत. आणि या सगळ्या दंगलीत एक गिटार, अगदी वरच्या पट्टीत, इतकी हळवी धून वाजवायची की कानवाल्याचे डोळे भरून येत. "वरून कत्तल आहे, पण आतून अंगाई आहे," असं तो भेटेल त्याला सांगत सुटायचा. बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "दादा, अंगाई येईपर्यंत मी जिवंत राहिले नाही." दुकानातल्या सहकारिणीनं अर्धं गाणं ऐकलं आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. एका मुलीला त्यानं दुसऱ्याच भेटीत ऐकवलं. तिसरी भेट झाली नाही. तिचे इअरफोन हलक्या दर्जाचे होते, असं तो अजूनही मित्रांना सांगत असे.

ते कळलं होतं एकट्या बाबांना. संध्याकाळी स्पीकर लागला की ते आपणहून त्याच्या खोलीत येत, खुर्चीत टेकत, डोळे मिटत आणि हळूहळू मान हलवू लागत. तोंडातून शब्द नाही. कानवाल्याचा ऊर भरून यायचा. जन्मभर आरागिरणीत ओंडके चिरलेला माणूस, आणि अंगाई सापडली ती त्याला.

आता रेघ सांगत होती, की ती धून बाबांपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. एक सूरसुद्धा नाही. इतकी वर्षं ते नुसती कत्तल ऐकत होते.

यंत्र बसवलं की त्यांना सगळं ऐकू येणार. सगळं, म्हणजे अल्बमसुद्धा. आणि सगळं ऐकू येणाऱ्यांचं अल्बमबद्दलचं मत कानवाल्याला पाठ होतं. 'वयाच्या मानानं कान झकास आहेत' असं सांगून जगातला एकुलता एक श्रोता वाचवावा, असा विचार त्याच्या मनात आला आणि चांगला पाय पसरून बसला.

काचेआडून बाबा ओरडले, "अरे, पुढचं सुरू कर की. किती वेळ बसू?"

तपासणी केव्हाच संपली होती. कानवाल्यानं गुपचूप कपाटातून यंत्रं काढली आणि बाबांच्या कानांत बसवली.

संध्याकाळपर्यंत बाबांनी घरातली प्रत्येक बिजागरी करकरते म्हणून तक्रार केली. मग नेहमीसारखे खोलीत आले, खुर्चीत टेकले. कानवाल्यानं देवाचं नाव घेतलं आणि अल्बम लावला. पहिल्या गाण्याच्या मध्यावर बाबांनी डोळे उघडले.

"हे बारीक बारीक काय वाजतंय?"

कानवाला खुर्चीशी सरकला. "गिटार, बाबा. त्यातली धून. हीच तर मी सगळ्यांना..."

"गिरणीत गिटार कशाला?"

"कुठल्या गिरणीत?"

"आमच्या. आरा चाललाय, ओंडका चढतोय. तो मुकादम ओरडतोय, तो तर हुबेहूब." बाबा जरा अवघडले. "गिरणीला टाळं लागलं आणि तू हे लावायला लागलास. मी तेव्हाच तुझ्या आईला म्हटलं, पोरगं तोंडानं बोलत नाही, पण बापाला कशावाचून करमत नाही ते त्याला बरोब्बर कळलंय."

धून आता तिच्या सगळ्यात सुंदर जागेकडे निघाली होती. तिथं पोचली की दरवेळी त्याच्या अंगावर काटा यायचा. हीच जागा ऐकली नाही म्हणून त्यानं बहिणीशी अबोला धरला होता.

त्यानं हात लांब केला आणि स्पीकरवरचं बारीक आवाजाचं बटण शून्यावर आणलं. गिटार विरून गेली. खाली नुसती घरघर उरली.

"कुणीतरी मागे रेडिओ लावला असेल, बाबा."

बाबांनी पुन्हा डोळे मिटले आणि मान हलू लागली.

"कामाच्या वेळेत रेडिओ," ते म्हणाले. "म्हणूनच बंद पडली."