झोपेचा पहारा

गेल्या आठवड्यात रात्रपाळीला नर्स सुनेचा डोळा लागला आणि तिच्या हातून भलत्याच पेशंटला इंजेक्शन जाता जाता राहिलं. तेव्हापासून तिच्या दिवसाच्या झोपेसाठी सासूबाईंनी कंबर कसली. खिडकीला काळी चादर लावली, बेलची वायर काढली. "तू बिनघोर झोप गं, मी आहे ना!"

आज तिला थेट दुपारी चारला जाग आली. घर चिडीचूप. तिनं झोपण्याआधी वाढून झाकलेलं सासूबाईंचं ताट तसंच, दुपारची गोळीही डबीत तशीच. तिनं धावत जाऊन दार उघडलं.



पायरीवर नासलेल्या दुधाची पिशवी मांडीवर घेऊन सासूबाई बसल्या होत्या. "झाली का झोप? सकाळी दूध आणायला गेले न् दार मागून लागलं, किल्ली आतच. दार वाजवलं असतं, तर तू उठली असतीस."