देवीचा कोंबडा

थोरल्या लेकीच्या, प्राचीच्या लग्नाच्या वर्षी, म्हणजे दोन हजार अठरा साली, कमळाकरच्या छातीत कळ आली आणि त्याची बायको भामा गावदेवीला नवस बोलली, "नवरा उठून बसला तर तांबडा कोंबडा देईन." नवरा उठून बसला. कोंबडा मात्र सुकापूरला त्यांच्या परसात सात कोंबड्यांवर राज्य करत राहिला.

चैत्रात जत्रा आली की कमळाकर सुरी घासायला घ्यायचा. "अगो, देऊन टाक. देवी कोपली तर मीच जायचो."

भामा अंडी गोळा करता करता म्हणायची, "त्याच्या जिवावर सात जणी हायेत, तुमच्या जिवावर मी एकटीच. पुढच्या सालाला बघू."

सहा चैत्र असेच गेले. "माझ्या बायकोला नवऱ्यापेक्षा कोंबडा मोलाचा," असं कमळाकर गावभर सांगत फिरायचा. सातव्या वर्षी भामा सुकी मासळी आणायला करंजाच्या बंदरावर गेली, तेव्हा त्याने गुपचूप कोंबडा देवीला दिला आणि घरी येऊन रस्सा चढवला.

परतल्यावर परसात पिसं बघून भामाने कपाळावर हात मारला. "अवो, काय केलंत! कोंबडा यायचा बाकी हाय म्हणून तर देवी तुमाला नेत नव्हती!"

कमळाकरच्या हातातली तंगडी ताटात पडली. भामाने तसंच खुराड्यातलं तुरा फुटलेलं एक पिल्लू धरलं आणि देवळाच्या दिशेने उचलून दाखवलं. "आई, ह्यो पन तुझाच. पन घाई नाय."

त्या पिल्लाला आता कमळाकर स्वतःच्या हाताने दाणे घालतो, आणि मुंगसाच्या भीतीने खाटही खुराड्यापाशीच टाकतो. दोन हजार पंचवीसच्या चैत्रात मेला तो फक्त कोंबडा.