कधीच नाही

मुलांनो, असं समजा, धूलकोटला पूर्णिमाच्या अंगणात तुम्हीही तिच्याशेजारी बसला आहात. दवाखान्यातून आलेली ताई तिच्या आईला हिरड्यांच्या दुखण्याबद्दल विचारून कागदावर खुणा करत होती. जास्त त्रास असलेल्यांना उद्या बुऱ्हाणपूरला तपासायला नेणार होते. “जेवताना दुखतं?” “कधीच नाही, ताई.” “हसताना लाज वाटते?” “कधीच नाही.” आई तोंडावर पदर धरून बोलत होती. आई भाकर पाण्यात भिजवून गिळते, हे पूर्णिमाला ठाऊक होतं. पण बुऱ्हाणपूरला दात काढतात आणि दात काढला की नजर जाते, असं शेजारची धुरपदाबाई सांगायची. आंधळी झालेली आई पूर्णिमाच्या डोळ्यांपुढे आली. “मग तुम्हाला न्यायला नको,” म्हणत ताईने पिशवी उचलली. आईने हायसं वाटून पदर सोडला. त्यावर ताजं रक्त होतं. पूर्णिमाने ताईची पिशवी धरली. “ताई, पहिल्यापासून विचारा. मी सांगते.”